भडक म्हणून सोडून दिलेली श्रीमंती

भाऊबीज उलटली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होते. साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या भागांत हा क्रम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. हलका धान घरी आलेला असतो, भारी धानाच्या कडपा बांधीत वाळत असतात, पुंजणे रचायचे असतात. वर्षभराच्या कष्टाचा पैसा हातात पडण्याचे हेच दिवस. नेमक्या याच दिवसांत रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि पैशासाठी माणूस कोणत्या थराला जातो, हे पहाटेपर्यंत दाखवले जाते. एक श्रीमंत घर, त्यातला कर्ता पुरुष, वाटणीवर टपलेला भाऊ, सुनेच्या माहेरचा पैसा, सावकाराची वही, आणि तिसऱ्या अंकात विष किंवा बंदूक. दोन रडण्यांच्या मध्ये हास्यनट येतो, मध्येच लावणी होते, आणि खुनाच्या प्रसंगाला लाल दिवा लागतो. पूर्व विदर्भातल्या या झाडीपट्टी रंगभूमीवर असे नाटक दर हंगामात नव्या नावाने येते आणि हजारो माणसे ते थंडीत बसून पाहतात. त्याबद्दल मराठीत समीक्षा म्हणावी असे मात्र फारसे काही लिहिले जात नाही. ‘भडक’ हा एक शब्द पुरेसा मानला जातो. श्रीमंतीवरच्या काळ्या विनोदाला भडकपणा हा दोष म्हणून लावता येत नाही, कारण पुष्कळदा तोच त्या नाटकाचा विचार असतो, असे या लेखाचे म्हणणे आहे. तो विचार फसला की साधला हे तपासणे समीक्षेचे काम आहे, आणि मराठी समीक्षेने ते टाळले आहे.

टाळले म्हणताना कुणावर अन्याय होऊ नये. झाडीपट्टीची उपेक्षाच झाली, असे सरसकट म्हणणे खरे नाही. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीसारखे इथले लोकनाट्यप्रकार यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. विद्यापीठांत या रंगभूमीवर प्रबंध झाले. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. सुमारे ८०० नाटकांतल्या भूमिका आणि ५,००० प्रयोग एवढी त्यांची नोंदलेली कारकीर्द आहे. म्हणजे सन्मान होतो, अभ्यासही होतो. पण तो होतो वारसा म्हणून. दंडार कशी सुरू झाली, खडी गंमत कशी उभी राहते, शंकरपटासाठी, म्हणजे बैलांच्या शर्यतींसाठी, गावात आलेल्या पाहुण्यांची रात्रीची सोय म्हणून नाटके कशी होऊ लागली, हे सगळे लिहिले गेले. यंदाच्या नाटकाचा दुसरा अंक का ढासळला, खलनायकाला इतका वेळ देऊन लेखकाने काय साधले, अमुक हास्यनटाचा प्रवेश खुनानंतर लगेच आला म्हणून खून हलका झाला की जास्त अंगावर आला, हे कोणी लिहीत नाही. मुंबई-पुण्याच्या नाटकाला पहिल्या प्रयोगानंतर आठवडाभरात जे मिळते, ते वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपनीला पूर्ण हंगामात मिळत नाही. जिवंत कलावंताला वारसा म्हणून गौरवणे आणि त्याच्या ताज्या कामावर मत न देणे यात एक सोय आहे. मत द्यायचे तर नाटक पूर्ण पाहावे लागते, आणि ते पहाटे संपते.

ही नाटके अशीच का, याचे उत्तर आधी इथल्या जमिनीत शोधावे लागते. भंडारा हा मालगुजारीचा मुलूख. गावाचा सारा गोळा करणारा मालगुजार इंग्रजी अमलात गावाचा मालकच झाला आणि १९५१ मध्ये कायद्याने ती मालकी संपली. ती संपली तरी तिच्या खुणा रोज डोळ्यांसमोर राहिल्या. ज्या तलावाचे पाणी बांधीत येते त्याला लोक अजून मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. वाडा कुणाचा, तलाव कुणाचा, कुणाच्या धुऱ्यावरून पाट गेला, हे गावात सगळ्यांना माहीत असते. इथे श्रीमंती बँकेच्या खात्यात लपलेली नसते. ती ट्रॅक्टर होऊन दारात उभी असते, राइस मिल होऊन रस्त्याकाठी भुसा उडवते, लग्नात सोने होऊन मिरवते. आणि ती अचानकही येते. पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली, गावे उठली, आणि २०१३ मध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी सुमारे १,२०० कोटी रुपयांचे विशेष पॅकेज जाहीर झाले. मोबदल्याचा पैसा घरात आला की भावाभावांत, मुलीच्या हक्कावरून, सासर-माहेरात काय होते, ते सांगायला इथे नाटककाराची गरज नाही. ज्या प्रेक्षकाने श्रीमंती नेहमी बाहेरून, अंगणाच्या अलीकडून पाहिली, त्याच्यासमोर ती मांडताना तिचा आकार मोठाच येणार. अंगठीचा खडा मोठा, मिशी मोठी, हसणे मोठे. बाहेरून ती तशीच दिसते.

याला एक साधे तांत्रिक कारणही आहे. मांडव मोठा, पुढे तणसावर किंवा चटईवर बसलेली माणसे, मागे खुर्च्या, त्यामागे उभी गर्दी. शेवटच्या माणसाला नटाची पापणी दिसत नाही, हात दिसतो. माईक वर टांगलेला असतो, म्हणून महत्त्वाचे वाक्य त्याच्या खाली येऊनच म्हणावे लागते. रंगमंचासमोर वाद्यवृंद बसतो. त्यातला ऑक्टोपॅडवाला नाटकाचा अर्धा दिग्दर्शक असतो. ‘मृत्युपत्र’ हा शब्द नटाच्या तोंडून पडला की त्याची कांडी पडते, आणि डुलक्या घेणारे पोर दचकून उठते. हा ठोका बारकाईने ऐकण्यासारखा आहे. चांगला वादक प्रत्येक धक्क्याला वाजवत नाही. दोन धक्के कोरडे जाऊ देतो आणि तिसऱ्याला वाजवतो. कधी तो खलनायकाच्या धमकीला गप्प राहतो आणि सुनेने दागिन्यांचा डबा हळूच बंद केला की ठोका देतो. प्रेक्षक त्या क्षणी हसतो, कारण ठोका चुकीच्या जागी पडला असे वाटते, आणि पुढच्याच प्रसंगात कळते की जागा बरोबर होती. धमकी देणारा नुसता बोलत होता, डबा बंद करणारी ठरवून बसली होती. भय आणि हसू एकाच हालचालीत बांधण्याचे हे कौशल्य आहे. त्याला नुसते ढणढणाट म्हणणाऱ्याने कानाने कमी आणि प्रतिष्ठेने जास्त ऐकले आहे.

विदर्भातल्या जमीनदार घराच्या ऱ्हासावरचे सर्वांत मानाचे मराठी नाटक कोणते, असे विचारले तर उत्तर ‘वाडा चिरेबंदी’ असेच येईल, आणि ते योग्यच आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांचे हे नाटक १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. धरणगावकर देशपांड्यांचा वाडा, तात्याजींचे नुकतेच झालेले निधन, दारात गंजत पडलेला ट्रॅक्टर, आणि घरातले वडिलोपार्जित सोने. त्यात एका रात्री वहिनी ते सगळे दागिने अंगावर घालते. मराठी रंगभूमीवरच्या अविस्मरणीय प्रसंगांपैकी तो एक आहे. त्या क्षणी ती थोडी हास्यास्पद असते, थोडी भयानक आणि थोडी केविलवाणी. पुढे तेच सोने घेऊन तिची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते आणि सोने हातचे जाते. हे कथानक कागदावर मांडले तर झाडीपट्टीच्या कथानकाहून फार वेगळे नाही. मृत्यू, वाटणी, लपवलेले सोने, पळून गेलेली मुलगी, फसवणारा पुरुष हे सगळे दोन्हीकडे आहे. फरक आवाजाचा आहे आणि उभे राहण्याच्या जागेचा. एलकुंचवार वाड्याच्या आत उभे आहेत. आतल्या माणसाला सोने जड लागते, म्हणून त्यांचा स्वर खाली आहे. झाडीपट्टीचा लेखक अंगणाबाहेर उभा आहे, आणि बाहेरच्याला सोने चमकताना दिसते. मराठी समीक्षेने पहिल्या जागेवरून दिसणाऱ्या सत्याला शोकात्म म्हटले आणि दुसऱ्या जागेवरून दिसणाऱ्या सत्याला अतिरंजित. ‘वाडा चिरेबंदी’चे मोठेपण याने तिळभर कमी होत नाही. पण त्याचा संयम हा सगळ्या संपत्ती-नाटकांचा मापदंड झाला, ते चुकले.

हा मापदंड किती अलीकडचा आहे तेही पाहण्यासारखे आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’ १८९९ चे. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या बापाचे नावच देवलांनी कांचनभट ठेवले, विवाहाला आतुर झालेल्या धनिक म्हाताऱ्याचे भुजंगनाथ, आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित. ही नावे, म्हाताऱ्याचे नटणे, दीक्षिताची लबाडी यांत संयम शोधून सापडणार नाही. प्रेक्षक म्हाताऱ्याला खदाखदा हसतो आणि त्याच वेळी एका मुलीचा सौदा चाललेला असतो, जी पुढे जीव द्यायला निघते. काळा विनोद आणखी काय असतो? ते नाटक आपण अभिजात मानतो. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’चे उदाहरण त्याहून बोलके आहे. बापाच्या पैशासाठी एकमेकांना आणि बापालाही फाडून खाणारी भावंडे, त्यांचे दारू पिऊन हसणे, बहिणीवरचा अत्याचार. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी ते रंगमंचावर आणले तेव्हा परिनिरीक्षण मंडळाशी झगडा झाला. बहीण माणिकच्या साडीवरच्या रक्ताच्या लाल डागाला हरकत होती, तो निळा करावा लागला, आणि निळा डाग लाल समजावा असे प्रेक्षकांना आधी सांगून प्रयोग झाले. म्हणजे आज ज्या नाटकाला आपण मराठी वास्तवाचा निर्भीड आरसा मानतो, त्याच्यावर त्या वेळी आक्षेप होता तो रंगाचा, अतिरेकाचा, नको ते उघड दाखवण्याचा. पुढे समीक्षेने त्या अतिरेकाचा अर्थ लावला, हिंसेमागची घराची रचना दाखवली आणि नाटक मोठे ठरले. अर्थ लावणारा भेटला की भडक ते भेदक होते, असे मी म्हणत नाही. सगळेच भडक भेदक नसते. पण अर्थ लावायला कुणी बसलेच नाही तर दोघांतला फरक कळणार कसा?

यावर एक विद्वत्तेचा आक्षेप येतो आणि तो दखल घेण्याजोगा आहे. सुझन सोंटॅग यांनी १९६४ च्या ‘नोट्स ऑन कॅम्प’ या निबंधात अतिरेकी, कृत्रिम, नटव्या शैलीचा आस्वाद हा एक विशेष रसिकपणा असतो असे मांडले. ठरवून केलेला भडकपणा आणि भाबडेपणाने झालेला भडकपणा असा फरक त्यांनी केला आणि अस्सल तो भाबडाच, असे म्हटले. आक्षेप असा की झाडीपट्टीचा प्रेक्षक हा आस्वाद त्या जाणिवेने घेत नाही, तो खलनायकाला खरोखरच शिव्या देतो. मग यात शैलीची जाण कुठली? मला हा आक्षेप शहरी गैरसमजावर उभा वाटतो. जो प्रेक्षक आयुष्यात पंचवीस-तीस वर्षे अशी नाटके पाहतो, त्याला दाढी चिकटवलेली आहे, बंदूक खोटी आहे आणि मेलेला मालक पुढच्या प्रवेशात दुसऱ्या भूमिकेत येणार आहे, हे नटाइतकेच ठाऊक असते. तो रडतो आणि रडताना नट किती चांगला रडवतो याचा हिशेबही ठेवतो. नट कमी पडला तर शिट्टी येते, आणि पुढच्या साली मंडळ दुसरी कंपनी आणते. तिकिटे काढून नाटक बघणारे आणि कंपनी ठरवणारे गावाचे मंडळ हेच इथले समीक्षक आहेत आणि त्यांचा निकाल पैशात लागतो. त्या निकालाला शब्द नाहीत, एवढाच त्याचा उणेपणा. भाबडा की जाणता, हे दोन कप्पे या प्रेक्षकाला पुरत नाहीत. तो एकाच वेळी दोन्ही असतो, आणि विनोद व भय एकत्र सोसायला असाच प्रेक्षक लागतो.

बाहेरच्या जगातही याच विषयावरच्या कलाकृतींना हाच पक्षपात भोगावा लागला आहे. ब्रिटनमध्ये १९४९ साली आलेला ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’ हा सरदारकीच्या वारशासाठी एकामागून एक नातलग मारणाऱ्या तरुणाचा चित्रपट. मारल्या जाणाऱ्या घराण्यातल्या आठ भूमिका एकट्या अलेक गिनेस यांनी केल्या. खुनांची ही मालिका इतक्या सभ्य, शांत निवेदनात सांगितली आहे की समीक्षकांनी तिला ब्रिटिश विनोदाचे शिखर मानले. २०२३ मध्ये एमराल्ड फेनेल यांचा ‘सॉल्टबर्न’ आला. विषय जवळचा, एका श्रीमंत घराण्यात शिरून ते गिळणारा तरुण. पण हा चित्रपट अंगावर येणारा, ओलसर, किळस आणणारा. समीक्षक दोन तटांत वाटले गेले. पुष्कळांनी तो दिखाऊ आणि पोकळ ठरवला, ऑस्करचे एकही नामांकन त्याला मिळाले नाही, आणि तरुण प्रेक्षकांनी मात्र तो इतका डोक्यावर घेतला की त्यातले २००१ चे एक नाचाचे गाणे जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा लोकप्रियतेच्या यादीत आले. इथे मी ‘सॉल्टबर्न’च्या बाजूने पूर्णपणे उभा राहणार नाही. त्याच्यावरची एक टीका मला पटते. तो ज्या वाड्याची थट्टा करतो त्याच्याच प्रेमात पडला आहे, आणि त्याचा भडकपणा हा आत राहणाऱ्यांचा भडकपणा आहे. म्हणजे प्रश्न आवाज किती मोठा हा नसून तो कुणीकडून येतो हा आहे. टीकेत हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांनी काम केले. ज्यांनी नुसते ‘फार झाले’ म्हटले त्यांनी केले नाही.

आपल्याकडे ‘तुंबाड’च्या वाट्याला काय आले तेही पाहावे. राही अनिल बर्वे यांच्या या हिंदी चित्रपटाचे मूळ मराठी मातीत, नारायण धारपांच्या कथाविश्वाजवळ आहे. हस्तर या लोभी देवाच्या लंगोटातून सांडणाऱ्या सोन्याच्या मुद्रा, त्या वेचायला विहिरीसारख्या गर्भात उतरणारा नायक विनायक, आणि बापाच्याही पुढे गेलेला मुलगा. यात संयमाचा लवलेश नाही. २०१८ मध्ये समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, गर्दी बेताचीच झाली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. लोभाचे इतके बटबटीत, शारीरिक रूप समीक्षेला चालले, कारण भयपटाला तशी मुभा असते. तोच लोभ हास्यनटाच्या पोटावरून दाखवला की मुभा संपते. भीती दाखवणाऱ्याला आपण गंभीर धरतो आणि हसवणाऱ्याला हलका. झाडीपट्टीचे नाटक या दोघांना एकाच मांडवात आणते, म्हणून दोन्ही बाजूंनी मार खाते.

आता सगळ्यांत अवघड आक्षेप. या नाटकांत द्व्यर्थी विनोद वाढला, लावणी कथानकाशी संबंध नसताना घुसवली जाते, स्त्री पात्र एकतर सोसणारी नाहीतर फसवणारी, तालमी अपुऱ्या, संहिता घाईची. या सगळ्यावर रंग चढवून त्याला शैली म्हणणे ही फसवणूक नव्हे काय? या तक्रारी खऱ्या आहेत. झाडीपट्टीवर प्रेम करणारी माणसे त्या सर्वांत आधी करतात. स्त्रीच्या चित्रणाची तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते, कारण संपत्तीच्या नाटकात तीच कणा आहे. मुलीचा हिस्सा, सुनेचे सोने, विधवेची जमीन यावर कथानक फिरते आणि तरी निर्णय तिच्या हातात क्वचित येतो. एखाद्या नाटकात लेखकाने खलनायिकेला तिचे कारण दिले, ती लोभी का झाली ते एका वाक्यात सांगितले, तर ते नाटक बाकीच्या दहांपेक्षा उंच आहे. त्याउलट निव्वळ गोरी कातडी आणि भडक साडी एवढ्यावर तिला वाईट ठरवले तर तो आळस आहे, आणि आळसाला आळस म्हणायला हवे. पण हे म्हणणार कोण? हे सगळे दोष नाटकागणिक, लेखकागणिक, हास्यनटागणिक वेगळे आहेत. ‘झाडीपट्टीची नाटके भडक’ या एका वाक्यात चांगला लेखक आणि आळशी लेखक एकाच पोत्यात भरले जातात आणि आळशी लेखकाचे फावते. समीक्षा नसण्याचा सर्वांत मोठा तोटा वाईट नाटकाला होत नाही, चांगल्याला होतो. तालीम करून, प्रसंग जुळवून, द्व्यर्थी संवाद गाळून नाटक बसवणाऱ्या दिग्दर्शकाला आपले कष्ट कुणी ओळखले याची कुठे नोंदच मिळत नाही. त्याला तिकिटबारीवरचा आकडा तेवढा मिळतो, आणि आकडा गर्दी सांगतो, कारण सांगत नाही.

व्यवहाराचीही एक अडचण पुढे केली जाते. संहिता छापल्या जात नाहीत, एकाच नाटकाचा प्रयोग गावागणिक बदलतो, हास्यनट त्या गावच्या सरपंचाचे नाव घालून संवाद फिरवतो, मग समीक्षा कशाची करायची? दोन प्रयोगांची करायची. एक मंडईच्या दिवसांतला, जेव्हा नाटक नवे असते, आणि एक माघातला, जेव्हा ते मुरलेले असते. या दोहोंत काय गळाले आणि काय वाढले हाच अशा नाटकाचा खरा मजकूर. ज्या हंगामात धानाला भाव आणि बोनस बरा मिळाला त्या हंगामात सावकाराच्या प्रवेशाला टाळ्या कमी पडतात का, अवकाळीने कडपा भिजल्या त्या साली तोच प्रवेश लांबवला जातो का, हे प्रश्न पुण्याच्या नाटकाला विचारता येत नाहीत, या नाटकाला येतात. नागपूर, भंडारा, गोंदियाच्या वर्तमानपत्रांनी आणि नियतकालिकांनी हंगामात दर आठवड्याला एका नाटकावर नावानिशी, कलावंतांच्या कामाचा स्पष्ट निवाडा करणारे हजार शब्द छापले, तरी पाच वर्षांत या रंगभूमीचा एक लेखी हिशेब उभा राहील. नाटक पाहायला माणूस पाठवायचा तर त्याच्या रात्रीच्या मुक्कामाची सोय करावी लागणार नाही, कारण रात्र मांडवातच जाते. त्याला सकाळी पहिल्या बसने साकोलीहून परत आणून दुपारी लिहायला बसवावे लागेल, आणि लिहिताना ‘भडक’ हा शब्द वापरायचा असेल तर त्यापुढे कारण लिहायची अट घालावी लागेल.